पंक-जॅझचा लाइव्ह साउंड: गोंगाट हवा, गिचका नको

खर्जवेडा
नेकेड सिटी, लास्ट एग्झिट, पेनकिलर, इटलीतलं झू, स्वीडन-नॉर्वेचं द थिंग. पंकचा दणका आणि जॅझची मोकळीक एकत्र करणाऱ्या या बँडांच्या गोतावळ्याची रेकॉर्डिंगं ऐकताना कितीही आदळआपट चालू असली तरी सॅक्सवाल्याचा श्वास कळतो, बासच्या तारेवरचा ओरखडा कळतो, ड्रमरची काठी कुठल्या झांजेवर पडली तेही कळतं. हाच ऐवज छोट्या हॉलात उभा केला की पाच मिनिटांत सगळ्याचा एक घुमारा होतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक मांडणी पक्की धरू. बॅरिटोन सॅक्स, फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) लावलेला इलेक्ट्रिक बास, ड्रम्स. हॉल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, छत ३ मीटरवर. प्रेक्षक ऐंशी-शंभर, उभे. पीए (प्रेक्षकांसाठीचे स्पीकर) म्हणजे दोन १२ इंची टॉप आणि फक्त खर्जासाठी दोन १८ इंची सब. मिक्सर १६ चॅनेलचा डिजिटल. गिटार नाही, कीबोर्ड नाही, म्हणजे मधल्या पट्ट्यात गर्दी नाही. गिचका होतो तो खाली, ५० ते २५० हर्ट्झमध्ये.

माइक कुठे लावायचे, काय कापायचं, काय तसंच सोडायचं? 'आवाज कमी करा' एवढाच प्रतिसाद नको. कुठे, किती आणि का, तेही लिहा.

डीबीकाका
माइकच्या आधी हॉल बघा. १२, ६, ३ ही मापं एकमेकांच्या पटीत आहेत. यापेक्षा वाईट खोली मुद्दाम बांधायची म्हटली तरी अवघड. समोरासमोरच्या भिंतींत अडकणाऱ्या स्थिर लाटेची पहिली फ्रिक्वेन्सी म्हणजे आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट. वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद धरा. जमीन-छत: ३४४ भागिले ६, म्हणजे ५७ हर्ट्झ. रुंदी: २८.७, आणि तिची दुसरी पायरी ५७. लांबी: १४.३, २८.७, ४३, आणि चौथी पायरी पुन्हा ५७. तिन्ही दिशांची गर्दी एकाच ठिकाणी. बासची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची आणि तिच्या शेजारचा बी फ्लॅट ५८.३. बासवाला त्या सुरांवर आला की सब गरजतात, बाकीच्या सुरांवर गप्प. लोकांना वाटतं बास जास्त आहे. बास जास्त नसतो, दोनच सूर जास्त असतात.

उपाय एक: सबची जागा. दोन्ही सब कोपऱ्यात सारले तर तिन्ही दिशांना पुरेपूर खाद्य मिळतं. त्याऐवजी बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी १.५ मीटरवर ठेवा, म्हणजे दोघांमध्ये ३ मीटर उरतात. रुंदीच्या ५७ हर्ट्झवाल्या लाटेचा दाब त्या दोन्ही जागी शून्याजवळ असतो, त्यामुळे सब तिला ढकलूच शकत नाहीत. आणि २८.७ वाल्या लाटेला दोघे विरुद्ध बाजूंनी ढकलतात, ती आपसात मिटते.

छताच्या लाटेची काळजी फारशी नको. तिचा शून्यबिंदू १.५ मीटर उंचीवर येतो आणि उभ्या माणसाचे कान साधारण तिथेच असतात. खुर्च्या मांडल्यात तर मात्र ती ऐकू येईल.

उरली लांबी. चौथ्या पायरीचे शून्यबिंदू स्टेजमागच्या भिंतीपासून १.५, ४.५, ७.५ आणि १०.५ मीटरवर पडतात. मिक्सर ७.५ वर मांडलात तर साउंडवाल्याला ५७ ऐकूच येणार नाही. तो सब वाढवेल आणि ९ मीटरवरच्या रांगेच्या छातीवर बुक्का बसेल. म्हणून मिक्सर ८ ते ८.५ च्या दरम्यान ठेवा. साउंड चेकला ४० ते १२० हर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध सूर) लावून हॉलभर चाला आणि जिथे फुगवटा आहे ती फ्रिक्वेन्सी लिहून घ्या. खरा हॉल गणिताबरहुकूम नसतो. दारं, जिप्समच्या भिंती, गर्दी यांनी आकडे २-३ हर्ट्झ सरकतात. मग फक्त सबच्या आउटपुटवर पॅरामेट्रिक इक्यूने (हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर काप देणाऱ्या) अरुंद काप, क्यू म्हणजे अरुंदपणा ५ च्या आसपास, ४ ते ६ डेसिबल (डीबी). ३१ पट्ट्यांच्या ग्राफिकवर ६३ ची दांडी तळाला नेऊ नका; त्यात शेजारचे चांगले सूरही जातात.

तिरकी सम
काकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. आता सॅक्स.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे आवाज भोंग्यातून येतो. भोंग्यातून नीट बाहेर पडतात ते अगदी खालचे दोन-तीन सूर. बाकीचा आवाज जी भोकं उघडी असतात त्यांतून पसरतो. भोंग्यात क्लिपचा माइक खोचला की खालचे सूर धाडकन मोठे, मधले पोकळ, आणि वर कळांची खटखट. झूसारख्या संगीतात कळांची खटखट हवीशी असू शकते, पण ती निवडून घ्या, नाइलाजाने नको.

स्टँडवरचा माइक भोंग्याच्या कडेपासून २५-३० सेंटीमीटरवर, रोख भोंग्याच्या आत नव्हे तर भोंग्याची कड आणि डाव्या हाताच्या कळा यांच्या मधोमध. बॅरिटोनसाठी एलेक्ट्रो-व्हॉइस आरई २० मिळाला तर सोनं: जवळ गेलं तरी त्याचा खर्ज फुगत नाही. सेन्हायझर एमडी ४२१ ही चालतो. काहीच नसेल तर शुअर एसएम ५७ लावा, फक्त ५ सेंटीमीटरवर आणू नका, नाहीतर जवळिकीमुळे २०० हर्ट्झच्या खाली डोंगर उभा राहतो.

हाय-पास (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा फिल्टर) कुठे? लो ए असलेल्या बॅरिटोनचा तळाचा सूर ६५.४ हर्ट्झ, लो बी फ्लॅटवाल्याचा ६९.३. तरी मी लाइव्हमध्ये ९० ला कापेन, १२ डीबी प्रति सप्तकाच्या उताराने. बॅरिटोनच्या तळाच्या सुरांत मूळ फ्रिक्वेन्सी तशी दुबळीच असते, जोर तिच्या पटींमध्ये असतो. पटी शाबूत असल्या की कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. ९० च्या खालची जागा बासला देऊन टाका.

फझनाथ
९० ला ठाम असहमत. बॅरिटोन आणि बास एका सुरात रिफ वाजवत असताना ९० ठीक. पण या संगीतात बास मधेच थांबतो आणि सॅक्स एकटा जमीन खोदत राहतो, तेव्हा बॅरिटोनचा टेनर होईल. ६५ ला ठेवा आणि १५० ते २२० मध्ये रुंद काप द्या, ३ डीबी. खरा चिखल तिथे आहे, ७० ला नाही.

तिरकी सम
१५०-२२० चा काप मान्य. ६५ मान्य नाही, कारण त्या माइकमध्ये बास अँप आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोन्ही शिरतात आणि ते ६५ ते ९० मध्येच बसतात. तुम्ही सॅक्सचा खर्ज वाचवताय असं वाटतं, पण वाचतो तो गळतीचा खर्ज. डिजिटल मिक्सर आहे तर दोन सीन (साठवून ठेवलेली सेटिंगं) करा. बास थांबतो त्या तुकड्यापुरता ६५, एरवी ९०.

फझनाथ
सीन चालतील, फक्त नोटेशन ठरलेलं असेल तर. लास्ट एग्झिट तालमीच करत नसे, तिथे साउंडवाल्याने सीन कधी बदलायचा? असो, वाद जुना आहे. बासकडे येतो.

फझमध्ये बासचा तळ हरवतो त्याचं कारण साधं आहे. लाट कापली गेली की वरच्या पटींचं पीक येतं, एकूण पातळी मर्यादेला टेकलेली असते, आणि मूळ सुराच्या वाट्याला कमी उरतं. दोन तारा एकत्र छेडल्या तर फझ त्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या फ्रिक्वेन्सीही बनवतो. ई (४१.२) आणि वरचा बी (६१.७) एकत्र वाजवा, २०.५ हर्ट्झची वजाबाकी हजर. सबला ती झेपत नाही, नुसता कोन हलतो. म्हणून सबच्या आधी ३५ ला हाय-पास, २४ डीबीचा उतार.

मांडणी अशी ठेवा:
१. बासमधून निघाल्याबरोबर सिग्नल दोन वाटांत विभागा.
२. साफ वाट डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल माइकशिवाय मिक्सरला देणारा डबा) थेट मिक्सरला. तिला २०० हर्ट्झवर लो-पास (वरचं कापणारा फिल्टर) आणि थोडा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), ४:१, ५-६ डीबी दाबला जाईल एवढाच.
३. घाण वाट फझमधून अँपला, कॅबसमोर (अँपच्या स्पीकरपेटीसमोर) माइक. त्या चॅनेलला २०० वर हाय-पास.
४. दोन्ही फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) वर करून साफ वाटेचं पोलॅरिटी (लाट उलटी करणारं) बटण दाबून बघा. ज्या स्थितीत तळ भरतो ती ठेवा. बरेच पेडल सिग्नल उलटा करतात, ही तपासणी टाळू नका.

पेडल डिजिटल असेल तर त्याला स्वतःचा उशीर असतो. तो २.५ मिलिसेकंद असेल तर बरोबर २०० हर्ट्झवर दोन्ही वाटा एकमेकींना खाऊन टाकतात, कारण २०० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेरा तेवढाच असतो. म्हणजे नेमकं जिथे सांधलं तिथेच भोक. साफ वाटेला मिक्सरवर तेवढाच डिले द्या.

रसिकराज
पण बास एवढा साफ केला तर पंक कुठे उरला? कंटॉर्शन्स हा बँड १९७८ मध्ये 'नो न्यू यॉर्क' या संकलनात आला तेव्हा कुणी लो-पास मोजत बसलं असेल का?

फझनाथ
साफ वाट वेगळी ऐकू येतच नाही हो. ऐकू येते ती घाण वाटच. साफ वाट फक्त सूर कोणता आहे ते धरून ठेवते. बंद करून बघा, घाण वाढत नाही, बास लहान होतो. आणि त्या संकलनाच्या निर्मात्याच्या खुर्चीत ब्रायन ईनो होता. खडबडीत ऐकू येतं म्हणजे विचार न करता केलं असं नाही.

कंटॉर्शन्सवरून एक कामाची गोष्ट. त्यांचा जेम्स चान्स गायचाही आणि अल्टोही वाजवायचा. गाणं आणि सॅक्स एकाच माइकवर घेतलं की दोन्ही बिघडतात. सॅक्स गळ्यापेक्षा १५-२० डीबी सहज मोठा. गेन गळ्यासाठी लावला तर सॅक्सवर प्रीअँप फाटतो, सॅक्ससाठी लावला तर गळा बुडतो. स्टँड एकच ठेवा, त्यावर दोन माइक, दोन चॅनेल, आणि गळ्याच्या चॅनेलला गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद ठेवणारा). वाय केबलने एकच माइक दोन चॅनेलला दिला तर गेन वेगळे लावता येतात, इक्यूही वेगळा, पण गेट सॅक्सनेही उघडतो.

ओव्हरहेड
ड्रम्सबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून लांब लिहितो.

६ मीटर रुंद हॉलात झांजांना पीएची गरज नाही, आणि ओव्हरहेड (झांजांवर टांगलेले माइक) पीएत द्यायचेच नाहीत. (आयडी माझा असला तरी.) किकला एक माइक, स्नेअरला एक, तोही चिमूटभर. बाकी सगळं हवेतून पोचतं. पंक-जॅझचा ड्रमर रॉकवाल्यासारखा एकसारखा ठोकत नाही. त्याच बारमध्ये काठीच्या टोकाने राइड झांजेवर कुजबुजतो आणि पुढच्या ठोक्याला स्नेअर फोडतो. प्रत्येक तुकड्याला माइक लावून वर कॉम्प्रेसर घातला की कुजबुज वर येते, स्फोट खाली जातो, आणि ज्यासाठी लोक आले ते संपतं. स्नेअरवर गेट लावला तर घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) गायब. दोन्ही टाळा.

खरी अडचण गळतीची. सॅक्सवाला प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, मागे ड्रम्स. मग त्याच्या माइकचं तोंड कुठे? थेट ड्रम्सकडे. तुम्ही सॅक्सचा फेडर वर नेता आणि झांजा वर येतात. उपाय: सॅक्सवाल्याला स्टेजच्या एका कडेला उभं करा, तोंड ड्रमरकडे. आता माइकची पाठ ड्रम्सला. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकला पाठीमागून म्हणजे १८० अंशांवर सर्वांत कमी ऐकू येतं. सुपरकार्डिऑइडचा बहिरा कोन १२६ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याची पाठ पूर्ण बहिरी नाही. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, त्यालाच वेज म्हणतात) ठेवतानाही हेच लक्षात ठेवा: कार्डिऑइडच्या बरोबर मागे, सुपरकार्डिऑइडच्या मागे पण तिरका. स्टेजवर दोन्ही जातींचे माइक असतील आणि सगळे वेज सरळ मागे लावले असतील तर निम्मे कुईं करणारच.

समोरासमोर उभं राहण्याचा दुसरा फायदा म्हणजे नजर. नेकेड सिटीच्या जॉन झॉर्नची 'कोब्रा' ही रचना (१९८४) घ्या. त्यात मध्यभागी एक जण कार्ड दाखवतो, वादक डोक्याला, नाकाला, कानाला हात लावून त्याच्याकडे इशारे करतात, आणि संगीत त्यावर वळतं. तिथे माइकचा उंच बूम स्टँड डोळ्यांच्या रेषेत आला तर रचनाच मोडते. बुटके स्टँड, वेज जमिनीलगत, अर्धवर्तुळात बसणी.

आणखी एक: ड्रम्स पीएच्या टॉपपासून अडीच मीटर मागे असतील तर पीएला ७ मिलिसेकंदांचा डिले द्या, म्हणजे ड्रम्सचा खरा आवाज आणि पीएचा आवाज एकत्र पोचतात. स्नेअरचा फटका एकदम घट्ट होतो.

डीबीकाका
ओव्हरहेड यांच्याशी पूर्ण सहमत. एक पुरवणी: उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या (फीडबॅकच्या) आधी मिळणारा गेन ३ डीबीने घटतो. चारऐवजी आठ माइक म्हणजे ३ डीबी फुकट घालवले. या त्रिकूटाला सॅक्स, बासच्या दोन वाटा, किक, स्नेअर, एवढे पाच चॅनेल पुरतात, आणि त्यांतला एक तर डीआय आहे. बाकीचे अकरा रिकामे राहिले म्हणून साउंडवाल्याने कमीपणा वाटून घेऊ नये.

नेकेड सिटीबद्दल. त्यांच्या 'टॉर्चर गार्डन' या अल्बमवर ४२ तुकडे आहेत, बरेचसे मिनिटाच्या आतले, आणि एकाच तुकड्यात सर्फ, हार्डकोअर, लाउंज असं काही सेकंदांना पालटतं. असा बँड फेडरने पाठलाग करून मिक्स करता येत नाही. बोट पोचेपर्यंत पुढचा प्रकार सुरू झालेला असतो. अशा वेळी सर्वांत मोठ्या क्षणाला गेन लावायचा, ६ डीबी मोकळी जागा सोडायची, सर्वांत हळू क्षण हॉलात ऐकू येतो का ते तपासायचं आणि मग हात मिक्सरवरून काढायचा. फ्रिझेल, फ्रिथ, हॉर्विट्झ, बॅरन हे त्यातले वादक म्हणजे स्वतःचा व्हॉल्यूम स्वतः सांभाळणारे लोक. असे वादक नसतील तर ते काम साउंडवाला करू शकत नाही, हेही खरं.

पीझोपंत
सॅक्स थेट फझमध्ये घालण्याबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच.

माइक सरळ गिटार पेडलमध्ये लावू नका. डायनॅमिक माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, आणि पेडलला त्याच्या कितीतरी पट हवा. मधे एक प्रीअँप आणि त्यानंतर रीअँप बॉक्स (सिग्नल पेडलजोगा करणारा डबा) लावा, किंवा स्वस्तात म्हणजे लो-झेड ते हाय-झेड (कमी ते जास्त इम्पिडन्स) ट्रान्सफॉर्मर. १:१० चा असेल तर व्होल्टेज २० डीबीने वाढतं. पेडलमधून निघालं की डीआय, मग मिक्सर. ऑक्टेव्ह पेडल फझच्या आधी, कारण त्याला स्वच्छ एकच सूर लागतो, फाटलेल्या लाटेत तो चाचपडतो.

शिट्टी का येते? फझ म्हणजे टोकाचा कॉम्प्रेसर. वादक श्वास घेतो त्या क्षणी फझ हॉलातला सगळा कचरा उचलून मोठा करतो. म्हणून गेट फझच्या आधी हवा. नंतर लावला तर त्याला हळू-मोठ्यातला फरकच कळत नाही. शिवाय फझच्या नंतर ३ ते ४ किलोहर्ट्झवर लो-पास. कायमचा उपाय म्हणजे सॅक्सच्या मानेच्या नळीत किंवा माउथपीसमध्ये बसवायचा पिकअप. तो हवेतला आवाज घेतच नाही, नळीतला दाब घेतो. वाद्याला भोक पाडावं लागतं, म्हणून महागड्या माउथपीसवर प्रयोग नको, एक स्वस्त वेगळा ठेवा.

पत्र्यावर, स्प्रिंगवर, झांजेवर २७ मिलिमीटरची पीझो चकती चिकटवून आवाज काढणाऱ्यांसाठी: चकती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि मंडळी चकतीला दोष देतात. चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. १० किलो-ओहमच्या इनपुटसोबत ती ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापते. तीच १ मेगा-ओहमच्या इनपुटला लावा, ती सीमा ८ हर्ट्झवर जाते. गिटारचं पेडल, अँप किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय यांचं इनपुट सहसा तेवढं असतं. केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. चकतीच्या पितळेला सोल्डर लावताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांत उचला, जास्त तापली की ती मुकी होते.

मांडवीकाठ
नो-इनपुट मिक्सिंग (बाहेरून काही न देता मिक्सरचा आवाज त्याच्यातच फिरवणं) कुणी करतं का इथे? तोशिमारू नाकामुराचं काम ऐकल्यापासून किडा वळवळतोय. आणि इकडे गोव्यात पावसाळ्यात सॅक्सच्या कळा चिकटतात, त्यावर काही?

पीझोपंत
नो-इनपुट: लहान अ‍ॅनालॉग मिक्सर घ्या, ऑक्स सेंड (सिग्नल बाहेर नेणारी जादा वाट) आणि मधला पट्टा फिरवता येईल असा इक्यू हवा. ऑक्सच्या आउटमधून केबल त्याच मिक्सरच्या पहिल्या चॅनेलच्या लाइन इनला. गेन शून्य, मेन फेडर खाली, हेडफोन कानापासून दूर. पहिल्या चॅनेलचा ऑक्स हळूहळू उघडा. एका बिंदूला वर्तुळ पेटतं आणि सूर लागतो. आता इक्यूच्या मधल्या पट्ट्याचा नॉब म्हणजे तुमची सुरावट. दुसऱ्या ऑक्समधून दुसरं वर्तुळ केलं की दोघं एकमेकांना ओढतात, तिथून ताल निघतात. डिजिटल मिक्सरवर उशिरामुळे वेगळंच वागणं मिळतं. तेही वाईट नाही, पण तो बाज नाही.

पीएला जोडताना ३०-४० हर्ट्झचा हाय-पास आणि लिमिटर सक्तीचा. वर्तुळ ऐकू न येणाऱ्या खालच्या फ्रिक्वेन्सीला पेटलं तर मीटर लाल, कानाला शांतता, आणि सबची कॉइल जळते. साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बिघाड समजून तुमचा चॅनेल म्यूट करेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

तिरकी सम
कळांबद्दल: चिकटतात त्या प्रामुख्याने जी शार्प, लो सी शार्प आणि ई फ्लॅट, कारण त्या एरवी बंद असतात आणि गादी ओल धरून भोकाच्या कडेला डकते. टिपकागद किंवा सिगारेटचा पातळ कागद गादीखाली ठेवा, कळ हलकेच दाबून सोडा, कागद ओढून काढू नका. पावडर नको, तिचा थर साचून गादी कडक होते. वाजवून झाल्यावर आतून पुसून, जी शार्पखाली कागद ठेवूनच पेटी बंद करा. दमट हवेत वेताची रीड फुगते-वाकते. मैफलीसाठी एक सिंथेटिक रीड पेटीत असू द्या.

जागरूक
दोन गोष्टी, कानाच्या आणि कायद्याच्या.

अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या जागेवरच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा हिशोब: ८५ डीबी(ए)ला आठ तास, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींच्या जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डीबी(ए) ही मर्यादा सुचवली. या त्रिकूटाचा ड्रमर एकटाच तिच्या जवळ जातो. स्पंजचे बोळे वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त खातात, मग झांजा हरवतात. वादकांसाठीचे सपाट फिल्टरवाले प्लग घ्या, ९, १५ आणि २५ डीबीचे येतात. श्रोत्याला १५ पुरतो, ड्रमरला २५.

कायदा: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहात आतल्या आत लावलेला वगळून. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डीबी(ए). ग्यानबाची मेख अशी की ए-मापनात (डीबी(ए) मधला ए) ६३ हर्ट्झला २६ डीबी वजा होतात. मीटर खुशीत असतं आणि शेजाऱ्याच्या कपाटातली भांडी वाजत असतात. म्हणून मीटर सी-मापनावर, म्हणजे खर्ज फारसा वजा न करणाऱ्या मापनावर, टाकूनही बघा. सी आणि ए मधला फरक २० डीबीच्या वर गेला तर सब खाली घ्या, तक्रार तिथूनच येणार आहे.

ओव्हरहेड
आणि विजेबद्दल. हम आला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग अजून आहेत. असं करू नका, माइकला ओठ लागला की झटका बसतो. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा, बॅकलाइन (स्टेजवरचे अँप) आणि मिक्सर एकाच फेजवर घ्या. जड ५० हर्ट्झचा गुणगुणाट बहुधा अर्थिंगच्या वर्तुळाचा किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेल्या केबलचा; १०० च्या पटींतली कर्कश घरघर असेल तर डिमरचे दिवे किंवा स्वस्त अ‍ॅडॉप्टर बघा.

रसिकराज
शेवटचा प्रश्न. अशी मैफल रेकॉर्ड करायची तर मिक्सरमधून दोन केबल घेतल्या की झालं ना?

डीबीकाका
नाही. छोट्या हॉलात मिक्सरमध्ये ड्रम्स जवळपास नसतातच, वर त्याचं कारण लिहिलंच आहे. नुसता मिक्सर घेतलात तर सॅक्स डोंगराएवढा आणि झांजा शेजारच्या खोलीत. मिक्सरचे दोन ट्रॅक आणि हॉलमधले दोन माइक असं एकत्र घ्या. हॉलचे माइक १७ सेंटीमीटर अंतरावर, ११० अंशांत, स्टेजपासून ३-४ मीटरवर, डोक्यांच्या वर. मागे गेलात तर नुसता घुमारा. नंतर जुळवताना मिक्सरच्या ट्रॅकला उशीर द्या: ४ मीटरला साडेअकरा मिलिसेकंद. स्नेअरचा एक फटका मोठा करून दोन्ही लाटांची टोकं डोळ्यांनी जुळवा.

तिरकी सम
+१. आणि ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो फाइल फाटू देत नाही, पण माइक स्वतःच त्याच्या कमाल दाबाच्या पलीकडे गेला तर आवाज आधीच फाटलेला असतो आणि फेडर खाली घेऊन तो शिवता येत नाही. माइकच्या माहितीपत्रकात कमाल दाब १३० डीबीच्या वर आहे का ते बघा. १२० च्या आसपास असेल तर पॅडचं (माइकमध्येच सिग्नल कमी करणारं) बटण आहे का शोधा, नसेल तर दुसरा माइक.